मधला थर

अंबडच्या कारखान्यात, कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर
मी मधल्या थराचं काम करते.
वरचा थर म्हणजे स्क्रीन: रकाने, निळी बटणं,
आणि स्टोअरच्या गांगुर्डेबाईंची रोजची तक्रार
की अक्षर बारीक आहे.
खालचा थर म्हणजे साठा. तो आपणहून बोलत नाही.
विचारलं तेवढंच देतो,
नीट विचारलं नाही तर तेही नाही.

आईला हे काही केल्या समजेना.
मग एकदा गोदाघाटावर तिला म्हटलं,
तो दुतोंड्या मारुती बघ.
एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे.
पूर आला की अख्खं शहर त्याच्याच अंगावर पाणी मोजतं,
गुडघा, कंबर, छाती.
ती म्हणाली, म्हणजे नुसतं उभं राहायचं काम.
हो, म्हटलं. पगार त्याचाच.

मार्चमध्ये ऑडिट लागलं.
यादीत तेराशे बारा यंत्रं,
हाताला लागली तेराशे अकरा.
उरला एक लॅपटॉप, एनएसके चारशे सतरा.
ताबा: विश्राम दगा बच्छाव, देखभाल विभाग.
स्थिती: कार्यरत.

बच्छाव जाऊन तीन वर्षं झाली.
दशक्रियेला कंपनीची बस गेली होती सटाण्याला,
मी खिडकीशी होते.
तरी दर नव्वद दिवसांनी त्यांना पत्र जातं,
आपला पासवर्ड संपत आला आहे.
दर एप्रिलला त्यांच्या नावाचं लायसन्स नवं होतं,
कंपनी बिनबोभाट पैसे भरते.
कारण मधल्या थरात एक अट आहे:
वस्तू परत येत नाही तोवर माणूस बंद करता येत नाही.

अट मी लिहिली.
नोकरीच्या पहिल्या वर्षी, चार ओळींत,
जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत.
तेव्हा वाटलं होतं, माणसं वस्तू घेऊन जातात.
उलटही होतं, हे सुचलं नव्हतं.

गांगुर्डेबाई म्हणाल्या, भंगारात दाखव ना.
देवरेसाहेब म्हणाले, थेट खालीच हात घाल,
एक ओळ पुसायची, कोण बघतंय?
खाली कोणी हात घालू नये म्हणूनच तर
थर केले ना साहेब.
ते हसले. पण मग उठून गेले.

एका रात्रपाळीत नेटवर्कच्या नोंदी चाळत बसले,
आणि चारशे सतरा बोलला.
दर दहा मिनिटांनी एकच आकडा.
आठशे चाळीस.
आठशे अडतीस.
आठशे एकेचाळीस.

भट्टी क्रमांक दोन. पॅनेलच्या मागे
सुतळीने बांधलेला, काच तडकलेली,
पंख्यावर बोटभर काजळी,
आणि कडेला चिकटपट्टीवर बच्छावांचं तिरकं अक्षर:
बंद करू नये.
भट्टीवरचा खांडबहाले म्हणाला,
ताई, ह्याच्याच आकड्यावर आम्ही माल काढतो.
कंपनीचं मीटर कधीचंच खोटं बोलतंय.

सकाळी फॉर्म उघडला. ताबा बदला.
रकाना फक्त कर्मचारी क्रमांक घेतो.
भट्टीला क्रमांक आहे, पण ती कर्मचारी नाही.
खांडबहाले भट्टीपाशी अकरा वर्षं आहे,
पण कंत्राटी. त्याला क्रमांक नाही.
माझा टाकला असता तर चालला असता,
मग कधीतरी मीही बंद झाले नसते.

जिन्यावरून गांगुर्डेबाईंनी विचारलं, सापडला का गं?
सापडला.
कोणाकडे?
बच्छावांकडे, म्हटलं. कार्यरत आहे.

मग त्या जुन्या अटीच्या वर
यंत्र वाचत नाही अशी एक ओळ लिहिली,
माझ्यानंतर ह्या खुर्चीत जो बसेल त्याच्यासाठी:
बंद करू नये.
कारण भट्टी क्रमांक दोनच्या मागे आहे.