पुठ्ठ्यावरचे डाग

बातमा काखोटीला पुठ्ठा मारून आली,
फ्रीजच्या खोक्याचा. त्यावर सात डाग,
एक बशीएवढा, बाकीचे बोरांसारखे.
"रोज सकाळी अंगणातला बर्फ काळा," म्हणाली.
"नवरा म्हणतो जुनी गाडी, गळणारच. तू बघ."

आमच्या नारिनमध्ये एक म्हातारी
एक्केचाळीस खडे मांडून
हरवलेला घोडा कुठे ते सांगते.
मी डागांवरून सांगते. फरक एवढाच,
माझं चुकलं तर पैसे परत द्यावे लागतात.

सातिबाल्दीची ऑडी, त्र्याण्णवची, मीटर केव्हाच मेलेला.
खालचं पॅकिंग बाजारातल्या पोराने दोनदा बदललेलं.
रोग रेड्याला नि औषध पखालीला.
तेल टपकतं तिथे ते फुटलेलं नसतं.
वरून कुठून तरी निघतं, बोल्टच्या आडोशाने उतरतं,
वाऱ्याने मागे सरतं, गिअरबॉक्सच्या कडेला जरा टेकतं
आणि मग पडतं, जणू तिथलंच.
बाबा कोल्खोझचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. म्हणायचे,
आधी पूस. मग डोळे वापर.

म्हणून पुसलं. रॉकेल, ब्रश, जुना बनियन,
दोन तास. बोटं बधिर.
मग बाळाच्या डब्यातली पावडर फुंकून मारली
आणि इंजिन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसायला लागलं.
"चालू कर."
सातिबाल्दीने चावी फिरवली, माझ्याकडे न बघता.

दहा मिनिटांनी वरच्या कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून
एक काळी रेघ, मुंगीच्या चालीने.
सापडलं, म्हणणारच होते.
पण ते पॅकिंग मीच बसवलेलं, सप्टेंबरात.
नवं पॅकिंग आपणहून रडत नाही,
त्याला आतून कुणीतरी ढकलतं.

तेलाचं झाकण काढून तोंडावर रबरी हातमोजा चढवला.
फुगला. पाचही बोटं ताठ,
उत्तर येणाऱ्या पोराने वर्गात हात वर करावा तशी.
इंजिनचा दम कोंडला होता.
श्वासाची नळी उपटली. आत पिवळट साय,
कायमाकसारखी दाट, थंडीने घट्ट बसलेली.

ही साय पाण्यामुळे धरते.
इंजिन नीट तापलं की पाणी उडून जातं.
डोलोनचा घाट चढून बिश्केकपर्यंत तीनशे किलोमीटर,
आठवड्यातून चारदा, चार प्रवासी घेऊन, असं तो सांगतो.
अशा इंजिनात साय धरत नाही.

नळी त्याच्यासमोर धरली, नुसती.
"ऑक्टोबरात घाटात गाडी एकदा पूर्ण गोल फिरली," तो म्हणाला.
"कुणाला खरचटलंही नाही.
मागे एका बाईच्या मांडीवर अंडी होती, एक फुटलं नाही.
तेव्हापासून शेवटच्या पंपापर्यंत जातो. बसतो.
गारठलो की चालू करतो. मग बंद."
"आणि भाडं? घरी काय देतोस?"
"मेंढ्या."

नळी पेट्रोलने धुतली, तारेने खरवडली,
कोपऱ्यातलं पॅकिंग बदललं, नवं तेल ओतलं.
"हिला तापव," म्हटलं. "घाटाच्या पायथ्यापर्यंत तरी ने.
नाहीतर महिन्याने परत येशील."
त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

चौथ्या दिवशी बातमा, नवा पुठ्ठा,
एकच डाग, वाटाण्याएवढा.
"खालच्या पत्र्यात साचलेलं जुनं तेल आहे. निघून जाईल."
ती तो डाग अंगठ्याने पुसायला लागली. पसरला.
"काय झालं होतं?"
"नळी तुंबलेली. श्वासाची."
"म्हणजे गाडी लांब जात नव्हती."
मी पाना शोधायला लागले. हातातच होता.
"तीस होत्या," बातमा म्हणाली. "एकोणीस उरल्या.
मोजता येतं मला."

जाताना दारात थांबून विचारलं,
पुढच्या सीटच्या बाजूचा हीटर चालतो का.
चालतो, म्हटलं.
जरा उशिरा तापतो.