पहिली पायरी

सव्वीस वर्षं स्टेअरिंग धरलं.
परवा पाचच्या ड्युटीआधी
पांढऱ्या भांड्यात लाल थेंब,
ताजे, टेललॅम्पसारखे.

कुणाला सांगायचं?
गुडघा असता तर डेपोत लंगडून दाखवला असता,
दात असता तर गाल धरून हिंडलो असतो.
ह्या जागेला नाव आहे, पण ते
शिवीत वापरायचं, आजारात नाही.

रंगराव कंडक्टर म्हणाला, "ड्रायव्हर, आज तिरकं का बसलाय?
कागल उजवीकडं सरकलंय काय?"
म्हटलं, सीटचा स्पंज गेलाय.
स्पंज खरंच गेलाय, ते वेगळं.

स्टँडमागच्या भिंतीवर एक जाहिरात
सिग्नलला थांबून कितीदा वाचलीय :
मूळव्याध, भगंदर, एका सुईत खलास.
त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे
कुणाच्या तरी पानाच्या पिचकारीनं गेलेत.
तेवढ्यानं वाचलो.

वैजयंतानं ओळखलं. काही न विचारता
ताटातली खर्ड्याची वाटी उचलली.
"व्हय, माझ्या आईलाबी हुतं," एवढंच बोलली,
आणि रिकाम्या जागी ताक ठेवलं.

डॉक्टर मुजावर मॅडम माझ्या पोरीएवढ्या.
पडद्यामागं कुशीवर निजलो, भिंतीकडं तोंड करून.
भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरात बाळ हसतंय.
"पहिल्या पायरीवर आहे," हात धुताना त्या म्हणाल्या,
"इथनं ऑपरेशनशिवाय उतरता येतं.
पण पन्नाशी झालीय, एकदा दुर्बिणीनं बघून घेऊ.
रक्त थांबलं तरी यायचं.
पाणी किती पिता?"

मी हिशेब केला. दोन तांबे, तेही घरी.
गंगावेशपासून कागलपर्यंत
ड्रायव्हरनं उतरायचं कुठं, मॅडम?
त्या लिहायच्या थांबल्या.
ह्याला त्यांच्याकडं गोळी नव्हती.

आता गिअरशेजारी दोन लिटरची बाटली.
रात्री इसबगोल,
चवीला भिजल्या वर्तमानपत्रासारखं.
जोंधळ्याची भाकरी, शेपू, पेरू.
मोबाइल संडासाबाहेर. कुंथायचं नाही.
"आलं तर आलं, नाही तर उठायचं."
आणि संध्याकाळी मोरीत तो गुलाबी टब,
पोरीच्या बारशात आलेला,
कोमट पाण्यात मी दहा मिनिटं,
गुडघे हनुवटीला, दाराला कडी.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
कुठंच वेळेवर पोचायचं नाही.

काल कागलला गाडी लावून उतरलो, सरळ आडोशाला गेलो,
पॅसेंजर ओरडले, ओरडू देत.
परत आलो तर रंगराव दारात उभा.
सीट रिकामी, तरी उभा.
"ड्रायव्हर, त्या मॅडमचा दवाखाना कुठं हाय?
मेव्हण्याला पायजे हुता."
मी त्याच्याकडं बघितलं नाही.
म्हटलं, मेव्हण्याला सांग,
खालच्या पायरीवर असशील तर आत्ताच जा.

थोडा वेळ काहीच नाही.
मग त्यानं डबल बेल दिली.