मागच्या खेपेसारखंच

फुजैरासमोर नांगर टाकून आज एकशे तीन जहाजं.
संध्याकाळी ऑफिसच्या खिडकीतून ती
दुसऱ्या एखाद्या गावासारखी दिसतात,
ज्या गावात दुकान नाही.
दुकान आम्ही.
कांदे, दोर, गॅस्केटं, अंडी, इंजिनाचं तेल,
आणि एकदा, एका ग्रीक कप्तानासाठी,
बुद्धिबळातला हरवलेला घोडा.

ऑर्डरी येतात रात्री दोनला, व्हॉइस नोटमधून,
अर्धी हिंदी, अर्धी तागालोग, मागे पंख्याची घरघर:
‘मागच्या खेपेसारखंच पाठवा, पण तो वास नको.’

वास म्हणजे कुठला, हे मुकादमचाचांना ठाऊक असतं.
सव्वीस वर्षं ठाऊक आहे.
मार्चमध्ये त्यांचा व्हिसा संपतो.
हर्णैच्या घराला गच्चीवर पत्रा घालायचाय, म्हणतात.

म्हणून दुबईहून जोबी कुरियन आला,
लॅपटॉप आणि खजुराचा डबा घेऊन.
त्याचं यंत्र चाळीस भाषा बोलतं,
झोपत नाही, गावाला जात नाही,
महिन्याला अडीच हजार दिरहम,
गुरुवारपर्यंत सही केली तर एकोणीसशे.
आम्ही यंत्राला ती व्हॉइस नोट ऐकवली.
त्यानं अदबीनं ऐकली
आणि खोलीत फवारायच्या सुगंधाचे चाळीस डबे, मोगरा,
भावासकट लिहून दिले.
चाचा हसले नाहीत. म्हणाले,
‘जुन्या कारखान्याचा बर्फ. अमोनिया मारतो.
त्याला सुरमई दुसरीकडची हवी.’

शाल्मली, माझी भाची, म्हणते, आपलं आपण बनवू.
सहा महिने. जुन्या पावत्या, तुझ्या वह्या,
आणि चाचांचा आवाज, रोज एक तास.

घर पाहावं बांधून, म्हणतात आपल्याकडे;
म्हणणाऱ्यानं बांधताना काय सोसलं, तेही त्याच म्हणीत आहे.
आणि विकतचं श्राद्ध घेतलेलेही मी पाहिलेत:
समोरच्या गाळ्यातला बलुशी
आता स्वतःच्याच गिऱ्हाइकांची नावं
महिन्याच्या भाड्यानं वाचतो.

वहीच्या मागच्या पानावर मी दोन्हींचे आकडे मांडले.
तीनदा मांडले, तीनदा वेगळे आले,
शाल्मलीचा पगार कुठे धरायचा हेच ठरेना.

चाचांनी एकच विचारलं:
‘चुकलं तर शिव्या कोण खाणार?’
जोबीचं असेल तर तक्रारीचा नंबर मिळतो.
आपलं असेल तर...
शाल्मलीनं स्वतःकडे बोट दाखवलं,
मग माझ्याकडे.

बुधवारी रात्री फोन वाजला.
रोडेल, टँकरवरचा खानसामा. साखर हवी, पाच किलो.
पाच किलोसाठी कुणी लाँच मागवत नाही.
चाचांनी साखरेचं काहीच विचारलं नाही.
विचारलं, ‘किती दिवस झाले?’
सत्तेचाळीस. पगार नाही.
मुलीचा निकाल लागला असेल, कळलेला नाही.
चाचांनी लिहिलं: साखर, पाच किलो.
त्याखाली: सिमकार्ड, एक, रिचार्ज करून.
शाल्मलीनं स्क्रीनवरून मान वर केली,
‘हे कुठल्या रकान्यात टाकू?’
‘साखरेच्याच.’

गुरुवारी मी जोबीला अर्धी सही दिली.
बिलं, कस्टमचे फॉर्म, थकबाकीची स्मरणपत्रं तुझी.
रात्रीचा फोन नाही. गिऱ्हाइकांची नावं आमच्या कपाटात.
सूटही अर्धीच मिळाली.

मग बाजारातून नव्वद दिरहमचा मायक्रोफोन आणला,
गोदामाच्या कोपऱ्यात भिंतीला
अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले, आवाज घुमू नये म्हणून,
आणि चाचांना खुर्ची दिली.
मार्चला अकरा आठवडे आहेत. शाल्मलीला हवेत सव्वीस.

लाल दिवा लागला. ‘बोला,’ ती म्हणाली.
चाचांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली,
मायक्रोफोनकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

पहिली नोंद बावीस सेकंदांची आहे:
चहा कुणाकुणाला, बिनसाखरेचा किती,
आणि मागे, बाहेर, रिव्हर्स येणाऱ्या पिकअपचं टीं टीं.