पाव फेरा

मोंटाना. धरणावर पहाटेचे चार.
ऑर्विल लुंड गार चाकाला हात घालतो:
तीन फेरे, आणि वर एक पाव.

त्या पावासाठी
वरचं गाव आणि खालचं गाव
शाळेच्या जिममध्ये सहा तास भांडलं.
कॉफी संपली. डोरीनने खुर्ची आपटली.
शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं,
बरं, पाव.

पाणी खाली पोचायला अकरा तास.
तोवर खालच्यांकडे फक्त त्याचा शब्द.

दुपारी तीनला फोन. डोरीनच.
"आलं."
मग जरा थांबून,
"तुमच्याकडे काठ किती उघडा पडला?"

तो खिडकीतून बघतो.
कालपर्यंत बुडालेली पायरी
कोरडी ठाक, तिच्यावर एक शिंपला,
अजून मिटलेला.

"फार नाही," तो म्हणतो.