घट ०.०२

समुद्र मी पाहिलेला नाही.
पण त्याच्या तळाशी पसरलेल्या तारेचं शेपूट
चोपड्याच्या केळीबागांखालून जातं, तीन हात खोल,
आणि ते तुटलं की फोन मला येतो.
मी सिकंदर तडवी. काच सांधतो.

तापी समुद्राकडे उतरते,
उजेड तिच्या उलट चढून येतो
केसाएवढ्या काचेतून.
सांधताना श्वास लागला तरी हलते ती.

परवा धडगावच्याही वर धाडलं मला,
पाड्यावर तबकडी बसवायला.
म्हटलं, माझं काम जमिनीतलं.
साहेब म्हणाले, त्या खडकात चर कोण खोदणार?
आभाळातून घ्या.

खोक्यात चार नट, एक वायर, एक पांढरं ताट.
चर नाही, परवानगी नाही, कुणाच्या बांधावरून भांडण नाही.
हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
मग फोनवर अक्षरं आली: अडथळा.
मोहाची फांदी.

मी कोयता मागितला.
गिंबीबाई पावरा झाडाला पाठ लावून उभी राहिली.
"तुझा तारा चालतो म्हणतोस ना?
मग त्याला सांग, वळसा घालून ये.
मोह चालत नाही."

ताट खडकावर नेलं. सायसिंगने बुडाला दगड लावले.
दुपारी नर्सबाईंनी नंदुरबारच्या डॉक्टरांना
एका बाळाची छाती दाखवली, श्वास मोजायला.
चित्र मधेच गोठायचं.
तेवढा वेळ आम्ही बाळाकडे बघायचो.

"वर गेलेलं उतरतं कुठं?" गिंबीबाईने विचारलं.
कुठंतरी लांब, मोठ्या ताटांत,
आणि तिथून पुन्हा तारेत.
"म्हंजी मातीतच," ती म्हणाली, आणि मोहफुलं वेचायला गेली.

घाट उतरताना फोन वाजला. चोपडा. जेसीबी.
ड्रायव्हर कान धरून उभा:
"माले वाटनं, ठिबकनी नळी व्हई."

पहाटे साडेचार. ताडपत्री, बॅटरी, ओल्या केळीचा वास.
तुटलेली दोन टोकं समोरासमोर.
बारीक ठिणगी.
पडद्यावर: घट ०.०२.
एवढं तर कुठल्याही सांध्यात हरवतंच.

चोवीस तारांपैकी ही सातवी.
कोणत्या तारेतून कोण बोलतं, मला कधीच कळत नाही.
मान मोकळी करायला वर पाहिलं,
पानांच्या फटीतून एक ठिपका चालला होता,
न लुकलुकता, सातपुड्याकडे.

सतरा राहिल्या होत्या.