चुन्याची बादली

टेपरेकॉर्डर जरा बाजूला घ्या, तिथे पीठ सांडलंय.
दोष कुणाचा, असं विचारताय.
बसा.
हाच प्रश्न घेऊन तुमच्याआधी दोघे येऊन गेले.
दोघांनाही उत्तर येतानाच ठाऊक होतं
आणि दोघांची उत्तरं वेगळी होती.
मला फक्त बादलीचं माहीत आहे.

पंचेचाळीसचा जुलै. मी नऊ वर्षांची.
वडील, ओटोकार क्नोखेल, सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावायचे;
लढाई संपली तरी कीड संपत नाही.
त्या दिवशी ओढ्याकाठच्या सपाट दगडावर
दोन सैनिक बसून कांदा खात होते.
एकच कांदा, शपथेवर सांगते.
चाकू लेफ्टनंट साव्वाचा, व्होलोग्डाकडचा, त्याची दाढ सुजलेली.
मीठ सार्जंट ड्वेनचं, नेब्रास्काचा.
त्यानेच साव्वाला लवंगेच्या तेलाचा बोळा दिला,
आणि साव्वा त्याच्या गळ्यात पडून
लहान मुलासारखा रडला.

मग कुठूनतरी नकाशा आला.
पेन्सिलीची रेघ, आमच्या बागेतून गेलेली,
कडेला बारीक अक्षरात: तात्पुरती.
त्या रेघेची नुसती जाडीच पन्नास पावलं.
जाडीत आमची अकरा झाडं, विहीर,
आणि मेख्टिल्ड आत्याचं घर.

दोघे हसत हसत वडिलांकडे आले.
चुना आहे का?
वडील म्हणाले, आहे.
हे नीट लिहून घ्या. वडील म्हणाले, आहे.

सार्जंटने बादली धरली, लेफ्टनंटने कुंचला.
दगडामागून दगड पांढरा होत गेला,
मीही मागे मागे, जणू कुणाच्या लग्नाची तयारी.
नासपतीच्या झाडापाशी अंधार पडला.
उरलेलं उद्या, म्हणाले.

रात्री गोळी सुटली.
कुणी म्हणतं कोल्ह्यावर, कुणी म्हणतं कुणावरच नाही.
साप साप म्हणत भुई धोपटायला
दोन्हीकडून काठ्या निघाल्या.
सकाळी बादली पलीकडे होती, कुंचला अलीकडे.
आधी बादली द्या.
आधी कुंचला द्या.
आणि अशी चव्वेचाळीस वर्षं.

अलीकडच्या शाळेत मी शिकले, दोष त्यांचा.
पलीकडे आतेबहीण गेरलिंडे शिकली, दोष तुमचा.
त्या धड्यावर दोघींनाही पैकीच्या पैकी गुण.
आत्या गेली तेव्हा तिची शवपेटी मी
माळ्यावरच्या खिडकीतून पाहिली.
इतकी लहान दिसत होती, काडेपेटीएवढी.
हात हलवायला बंदी होती, म्हणून मी
खिडकीची काच पुसत राहिले.

टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणतात लोक.
डासाला विचारा कधी.

वडिलांनी पुन्हा चुना कालवला नाही.
भुंग्यांनी बाग पोखरली, एकेक झाड
उभ्या उभ्या भुगा झालं.
जेवताना मधेच म्हणायचे,
मी नाही म्हणालो असतो तर?
आई वाढता वाढता म्हणायची,
तर त्यांनी डांबर आणलं असतं. सूप गार होतंय.
ते एकाहत्तर साली गेले. सूप अर्धंच राहिलं होतं.

कुंपण पडलं त्या हिवाळ्यात गेरलिंडे आली, हातात बादली.
इतकी वर्षं तिच्यातून कोंबड्या पाणी पीत होत्या.
तळाला पांढरी खपली तशीच.
मी माळ्यावरून कुंचला काढला.
केस दगड झालेले, पाण्यात ठेवले
तरी सुटले नाहीत.
आम्ही दोघी हसलो, मग
काय बोलावं ते सुचेना.

टेप संपत आली का? एवढंच राहिलं.
चाकू कुणाचा होता, मला आठवतं.
मीठ कुणाचं, तेही.
तुमचे ते दोघे मला तेवढंच विचारून गेले.
कांदा आमच्या वाफ्यातला होता.
उपटताना त्यांनी विचारलं नव्हतं.