घर पंचवीस

फहाहील, ऑगस्ट. बाहेर ऊन पन्नासला टेकलेलं.
आत टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर वाटी,
वाटीत कोमट पाणी, पाण्यात
नखाएवढा कागदाचा तुकडा.
ही वाटी जेवणाच्या वाट्यांत मिसळू नये म्हणून
बायकोनं तिच्या काठाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

तीस सेकंद. जास्त नाही.
मग कागद अक्षरांना सोडून देतो
आणि ती ओल्या थरावर तरंगत राहतात,
कुठलीच नसल्यासारखी.
चिमट्यानं अक्षर ओढू नये,
खालून कागदच सरकवावा.
हे तीन विमानं वाया घालवल्यावर कळलं.

स्कायहॉक, एकास बहात्तर.
वाळूचा रंग, त्यावर शेंगदाण्याच्या सालीचे पट्टे.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं : इथे पाय ठेवू नये.
पिवळा बाण : सुटका इथून.
कुशीवर देशाचं नाव, आणि त्याच्या आधी ‘मुक्त’,
जे त्या वर्षी
शेजाऱ्याच्या धावपट्टीवर उभं राहून लिहावं लागलं.

धावपट्टीवर बाँब पडले तेव्हा
ही बाजूच्या रस्त्यावरून उडाली, असं बाबा सांगायचे.
गुरुवार होता. मी नऊ वर्षांचा.
मला विमानांचा आवाज आठवत नाही.
आठवतो तो दोन आठवड्यांनंतरचा, स्क्रू फिरल्याचा.
अबू धारी शिडीवर, बाबा खाली शिडी धरून.
आधी गल्लीची पाटी, मग ब्लॉकची,
मग दारोदारचे नंबर.
सैनिक याद्या घेऊन हिंडत होते,
म्हणून अख्खा मोहल्ला एका रात्रीत बिननावाचा झाला.
तेलकंपनीत बावीस वर्षं
एकेका व्हॉल्व्हला नंबर देणारे माझे बाबा
नंबर काढत होते,
आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून
खिशातल्या काडेपेटीत टाकत होते.

आमची पाटी निळी होती.
अरबी पाच म्हणजे दिसायला आपलं शून्य,
मी ते घर शेवटपर्यंत वीसच वाचलं.
आईनं ती पिठाच्या डब्यात घातली.
बसरा, बगदाद, सीमेवरचे तंबू, अम्मान.
मुंबईच्या कस्टमवाल्यानं डबा उघडला,
बोटं पांढरी करून घेतली, बंद केला.

अबू धारींना नोव्हेंबरात नेलं.
त्यांचं घर सापडलं होतं.
पाटी नसताना.
हे आम्हाला दोन वर्षांनी पत्रातून कळलं. पत्र बाबांनी
काडेपेटीशेजारी ठेवलं, आणि विषय संपला.

मी परत आलो तो नोकरीसाठी, दुसरं काही नाही.
तेव्हा इकामा पासपोर्टात चिकटवून मिळायचा,
कडेला एक बुडबुडा राहिलेला असायचा,
मी तो अंगठ्यानं दाबत बसायचो रांगेत.

आज नाकावरचा नंबर दुमडला आणि फाटला.
उरल्यासुरल्या शीटमधून दोन आकडे कापले.
असा नंबर कुठल्या विमानावर नव्हता.
जाणकार चूक काढतील. काढोत.
या मापात बाबा माझ्या करंगळीच्या
एका पेराएवढे होतील, अबू धारी थोडे उंच,
शिडी टूथपिकची जमेल.

शर्वाणी दप्तर टाकून खांद्यावरून वाकते.
तिला शाळेत अरबी आहे, परीक्षेत पैकीच्या पैकी.
“पंचवीस,” ती म्हणते, न अडखळता.
मी वीस म्हणणार होतो.

व्हिनेगरचा एक थेंब. आकडे मऊ पडतात,
पत्र्याच्या सांध्यांत उतरू लागतात.
पाच मिनिटं हलवता येतं, मग नाही.
ती पंखा बंद करते, श्वास धरते.
मी ब्रशच्या टोकानं
अजून जरासं
डावीकडे सरकवतो.